भूत खरं असू दे, खुनी मात्र माणूसच हवा

मराठीत कोणी एकाच कथेत भय, अद्भुत आणि गुन्हेगारी अशा तिन्ही गोष्टी आणल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, की बाबा तुला नक्की लिहायचंय काय? भूत आहे तर मग पोलीस कशाला, आणि पोलीस आहेत म्हणजे शेवटी भूत खोटं निघणार ना? संपादक हेच विचारतात, वाचक हेच विचारतात, आणि नवीन लिहिणारी पोरं सुद्धा हा प्रश्न इतक्या वेळा ऐकतात की स्वतःच आधी ठरवून टाकतात की ही हॉरर, ही क्राईम, ही फँटसी, आणि मग त्या खोक्यात बसेल तेवढंच लिहितात. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे भूत आणि गुन्हा कधी वेगळे राहिलेच नाहीत, त्यामुळे या तिघांना एकत्र आणणारी कथा ही कुठली परदेशी फॅशन नाही, उलट आपल्या मातीला सगळ्यात जवळची कथा तीच आहे. आणि ती आपण नीट लिहीत नाही याचा तोटा फक्त साहित्याचा नाही.

आपली भुतं कोण आहेत ते एकदा नीट बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. समंध म्हणजे वारस न ठेवता, इस्टेटीत जीव अडकून मेलेला माणूस, जो नंतर ती इस्टेट खाणाऱ्याला सुखाने राहू देत नाही. बाळंतपणात गेलेली बाई, तिला कुठे हडळ म्हणतात कुठे अळवंत, भाग बदलला की नाव बदलतं पण मरण तेच राहतं. विहिरीत सापडलेली सून, तिची तर प्रत्येक तालुक्यात एक गोष्ट आहे. तळकोकणात आणि गोव्यात देवचार आहे, गावाच्या शिवेवर राखण करणारा, तो त्रास देतो तेव्हाही बहुतेक कोणीतरी काहीतरी मोडलेलं असतं म्हणूनच देतो. म्हणजे कोण मेलं, कोणत्या वयात मेलं, काय राहून गेलं, कोणाचा फायदा झाला, हे सगळं त्या भुताच्या जातीतच लिहिलेलं आहे. पोलीस स्टेशनच्या डायरीत ज्याची नोंद झाली नाही ते गावाने पिंपळाखाली नोंदवून ठेवलं, असं मला वाटतं.

पण त्या नोंदीत एक भयंकर अन्याय आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. बाळंतपणात बाई मेली. तिचं वय काय होतं, कितवं बाळंतपण होतं, कळा सुरू झाल्यावर किती वेळ घरात ठेवली, गाडी कोणी केली नाही, हे कोणी विचारलं नाही, आणि वर तीच हडळ झाली, तिच्याच उलट्या पावलांना सगळ्यांनी घाबरायचं. विहिरीत सून सापडली, तिला कोणी ढकललं का हे विचारायच्या ऐवजी त्या विहिरीवर दुपारी बारा वाजता जाऊ नका एवढंच पोरांना सांगितलं गेलं. मेलेली बाई भीतीदायक झाली आणि ज्यांच्या घरात ती मेली ते घर मात्र शुद्ध राहिलं. भयकथा जशीच्या तशी पुढे चालवली की हा अन्याय पण जसाच्या तसा पुढे चालतो, आणि मला नुसत्या भयकथेबद्दल जी तक्रार आहे ती हीच आहे.

म्हणून तिथे क्राईम लागतं, आणि ते सुद्धा गुप्तहेर येऊन कोडं सोडवतो असलं गोड क्राईम नाही, नॉयर लागतं, म्हणजे काळोखी गुन्हेगारी कथा. नॉयर म्हणजे रात्र, पाऊस, सिगरेटचा धूर आणि ओव्हरकोट असं आपण सिनेमा बघून समजतो, पण तो फक्त कपडा झाला. अमेरिकेत ही कथा वाढली ती दारूबंदीच्या काळात, १९२० ते १९३३, जेव्हा दारू कायद्याने बंद होती आणि सगळीकडे मिळत होती, आणि त्या पैशातून पोलिसांपासून नगरपालिकांपर्यंत सगळं विकत घेतलं जात होतं. त्यामुळे त्या कथेत खुनी सापडला तरी काही बदलत नाही, कारण खुनी हा एक माणूस नसतो, त्याच्या मागे सगळं शहर उभं असतं. हे आपल्याला परकं आहे का? मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. हातभट्ट्या, हप्ते, त्यातून मोठे झालेले दादा, त्या दादांचे झालेले समाजसेवक, हे सगळं मुंबईने डोळ्यांनी बघितलंय. नॉयरचा कच्चा माल आपल्याकडे गल्लोगल्ली पडून होता, आपण तो पेपरच्या आतल्या पानावर सोडून दिला.

मग हे एकत्र का आलं नाही? एक कारण मला इंग्रजी रहस्यकथेच्या नियमांत दिसतं. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्लिश कॅथलिक धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि त्यातला दुसराच नियम असा की अतिमानवी शक्तींना कथेत अजिबात थारा नाही. कोडं वाचकाला सोडवता आलं पाहिजे तर हा नियम योग्यच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो नियम एका खेळाचा होता. आपण तो सगळ्या गुन्हेगारी कथेचा नियम समजलो, आणि गंमत म्हणजे ज्या इंग्रजीत तो झाला त्या इंग्रजीत हे दोन्ही प्रकार आधी एकाच लेखकाच्या हातून गेलेले आहेत, एडगर अॅलन पो. १८४१ मध्ये त्याने जी कथा छापली तिला आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानतात, आणि अंगावर काटा आणणाऱ्या भयकथा पण त्याच माणसाच्या. त्याला कोणी विचारलं नाही की तू नक्की कुठल्या खोक्यात.

आपल्याकडे वाटण्या झाल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गिरणीतल्या कामगारापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांनी त्या भाड्याने आणून वाचल्या, मराठीत वाचक घडवण्याचं एवढं मोठं काम दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही, पण तो झाला रहस्यकथेचा कप्पा. नारायण धारपांनी भयाचा कप्पा सांभाळला, आणि त्यांच्याकडे वाईट शक्ती बहुतेक वेळा बाहेरून येते, तिच्याशी लढायला जाणता माणूस लागतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत मात्र माणसाच्या आतला अपराध आणि अतर्क्य गोष्ट एकमेकांत मिसळताना दिसतात, आणि मला वाटतं पुढची वाट तिथूनच जाते, फक्त त्या वाटेवर सातबारा, पोलीस पाटील, पंचायत आणि साखर कारखाना अजून यायचे आहेत. अनंत अंतरकरांनी तर ‘नवल’ नावाचं अख्खं मासिक अशा अद्भुत आणि गूढ कथांसाठी चालवलं. म्हणजे परंपरा नाही असं कोणी म्हणू नये, फक्त तिला गंभीर साहित्याच्या पंगतीत कधी पान वाढलं नाही.

आता मानवतचं बघू. परभणी जिल्ह्यातलं मानवत. १९७२ चा दुष्काळ, मराठवाडा होरपळलेला, आणि त्याच वर्षापासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथे एकामागून एक खून झाले, बळी गेल्या त्या बायका आणि लहान मुली. तपासात पुढे आलं ते गुप्तधन, पिंपळाखालचा मुंजा, संतती व्हावी म्हणून नवस आणि त्यासाठी रक्त. मुंबईहून रमाकांत कुलकर्णींसारखा क्राईम ब्रँचचा अधिकारी तिथे गेला. आरोपींत गावातली वजनदार माणसं होती, माफीचे साक्षीदार, म्हणजे स्वतः गुन्ह्यात असून माफीच्या बदल्यात साक्ष देणारे, उभे राहिले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७७ च्या निकालात कोर्टाने माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती आणि कधी विसंबायचं याचा बारकाईने विचार केला, तो निकाल आजही वकील दाखवतात. काहींना शिक्षा झाली, काही सुटले.

आता मला सांगा, ही कथा कुठल्या खोक्यात बसवाल? मुंजा काढून टाकला तर खून का झाले तेच कळणार नाही. पोलीस आणि कोर्ट काढून टाकलं तर ती मंत्रतंत्राची चटपटीत गोष्ट होईल, बाया आणि पोरी त्यात नुसत्या मरायला असतील. आणि ती पैशाची, मुलाबाळाची, मातीखाली हंडा आहे या वेड्या आशेची जी अद्भुत बाजू आहे ती काढली तर माणसं एवढी कशी घसरली हे समजणारच नाही. माणसाला भीती वाटते म्हणून तो बळी देतो असं आपण समजतो, मला वाटतं तो आशेपोटी देतो, आणि ती आशा किती खरी वाटते हे दाखवायला फँटसी लागतेच. पेपरच्या बातमीत ते येत नाही. बातमी म्हणते ‘अंधश्रद्धेतून’ आणि पुढच्या ओळीवर जाते.

इथे सगळ्यात गंभीर आक्षेप येतो आणि तो मी हलका करणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याची अनुसूची वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने साखळीने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं करणं, करणी भानामतीच्या नावाने दहशत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. यातलं एकेक कलम कोणाच्या तरी अंगावरच्या वळांमधून आलेलं आहे. ज्या राज्यात एका माणसाने यासाठी आयुष्य दिलं आणि जीवही दिला, तिथे तुम्ही कथेत भूत खरं दाखवणार? असं चळवळीतला कार्यकर्ता विचारतो आणि त्याला विचारायचा पूर्ण हक्क आहे.

माझं उत्तर असं की भूत दाखवल्याने अंधश्रद्धा वाढत नाही, भुताला अधिकार दिल्याने वाढते. आपल्याकडे दोन प्रकारच्या कथा जास्त आहेत. एकात सगळं भूतच करतं, खून पण तेच आणि न्याय पण तेच, माणसं फक्त ओरडतात. दुसऱ्यात शेवटच्या पानावर कळतं की भूतबीत काही नव्हतं, स्मगलर लोक पांढरी चादर घेऊन गावाला घाबरवत होते, आणि शहरातून आलेल्या हुशार हिरोने ते पकडलं. दुसरा प्रकार विवेकवादी वाटतो, पण मला तोही तितकाच नापसंत आहे, कारण त्यात गाववाले मूर्ख ठरतात, त्यांची भीती चेष्टेची होते, आणि ती भीती कुठल्या जुन्या मरणातून आली ते कोणी बघतच नाही. चादर पकडली, विहीर तशीच राहिली.

तिसरी कथा लिहायची तर तिला कडक शिस्त हवी. त्यात भूत असू शकतं, दिसू शकतं, बोलू सुद्धा शकतं, पण ते साक्षीदार होऊ शकत नाही. तपास करणाऱ्याला भुताने कानात येऊन नाव सांगितलं आणि केस सुटली, असं झालं की कथा मेली. केस उभी राहिली पाहिजे पंचनाम्यावर, शवविच्छेदनाच्या रिपोर्टवर, फोनच्या रेकॉर्डवर, शेजारणीने घाबरत घाबरत दिलेल्या जबाबावर. आणि दुसरं, भुताने शिक्षा द्यायची नाही. हे लेखकांना आवडत नाही मला माहितेय, कारण पाटलाला हडळीने विहिरीत ओढला हा शेवट लिहायला फार मजा येते आणि वाचकही खूश होतो. ज्यांना कोर्टात कधी न्याय मिळाला नाही त्यांनी हडळीकडून तो मागितला, ही इच्छा खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. पण छापलेल्या कथेत तो सूड पूर्ण झाला की वाचकाचा हिशोब मिटतो. फौजदाराने एफआयआर का घेतला नाही, डॉक्टरने रिपोर्टमध्ये काय लिहिलं, हे प्रश्न त्या विहिरीत बुडून जातात. नॉयर ते बुडू देत नाही, म्हणून मला ते हवंय.

हे हवेत बोलत नाही, एक उदाहरण घ्या. जमिनीच्या व्यवहारात एक फसवणूक जुनी आहे, मालक मेलेला असतो किंवा कुठे दूर परगावी असतो आणि त्याच्या नावाने तोतया माणूस दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात उभा करून खरेदीखत होतं. फोटो लागतो, अंगठा लागतो, साक्षीदार सही करतात, पुढे तलाठ्याकडे फेरफार पडतो, सातबाऱ्यावर नवीन नाव चढतं. आता विचार करा, मेलेला माणूस ऑफिसात येऊन सही करतो! कुठल्या भयकथेत एवढी भयानक कल्पना आहे? आणि ती रोजच्या सरकारी कागदावर, शिक्क्यासकट. अशा ठिकाणी एक समंध आणून बसवा, खरा समंध, जो त्या ऑफिसच्या बाकावर बसून बघतोय की माझ्या नावाने दुसराच कोणीतरी अंगठा देतोय आणि क्लार्क त्याच्याकडे बघून मान हलवतोय. त्याला ओरडता येतं पण ऐकू कोणाला जात नाही, कारण कागदावर तर तो आत्ताच जिवंत झालाय आणि समोर उभा आहे. इथे भय आहे, अद्भुत आहे, गुन्हा आहे, आणि तिन्ही वेगळे काढताच येत नाहीत. कोकणातल्या बंद घरांच्या, मुंबईला गेलेल्या वारसांच्या, मधल्या एजंटांच्या अशा किती गोष्टी लिहायच्या पडल्यात.

मुंबईचं तर विचारूच नका. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसं मेली, सोनं उडून आजूबाजूला पडलं, आणि पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना सुद्धा त्यातल्या विटा सापडल्या, अगदी २०११ पर्यंत. गाळाखाली सोनं आणि गाळाखाली माणसं असं ते बंदर आहे. तसंच गिरणगाव. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, लाखांवर कामगार देशोधडीला लागले, आणि ज्या जमिनीवर भोंगा वाजायचा तिथे आता टॉवर आणि मॉल आहेत. त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये रात्रपाळीचा कामगार भेटतो अशी कथा कोणीही लिहील, पण तो भेटल्यावर त्याच्या थकलेल्या देण्याची फाईल कुठे गेली हे शोधणारी कथा मला वाचायची आहे.

एका जागी मात्र लेखकाने थांबलंच पाहिजे. सातपुड्यात, नंदुरबार भागात, आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, आणि अनेकदा मागे जमिनीचा नाहीतर भाऊबंदकीचा वाद असतो. तिथली कथा लिहिताना त्या बाईला खरोखरची डाकीण दाखवणं म्हणजे दगड मारणाऱ्या जमावाच्या हातात अजून एक दगड देणं आहे. कल्पनाशक्तीला मोकळीक हवी असं म्हणून यातून सुटता येत नाही. मेलेल्या माणसाचं भूत करा, जिवंत बाईचं करू नका. आणि मानवतसारख्या खऱ्या प्रकरणावरून प्रेरणा घेताना ज्या पोरी मेल्या त्यांच्या जखमांची वर्णनं पानभर लांबवू नयेत, त्यांची घरची माणसं अजून असू शकतात. त्या मुली शाळेत जात होत्या का, सरपण आणायला कोणाबरोबर जायच्या, हे लिहा, त्यातून जास्त काटा येतो.

लघुकथाच का, असंही विचारतात, कारण हल्ली असं सगळं वेबसिरीजला जातं. सिरीजला आठ भाग भरायचे असतात, त्यामुळे भुताचा इतिहास सांगावा लागतो, नियम सांगावे लागतात, मग भूत म्हणजे एक मशीन होऊन बसतं. लघुकथेला एवढा वेळच नसतो. वाड्यात पाऊल टाकलं, वास आला, एक खोली बंद आहे, ती कोणाच्या नावावर आहे ते कोणी सांगत नाही, संपलं, वाचक आत ओढला गेला. तीन हजार शब्दांत सगळं समजावून सांगता येत नाही आणि ती अडचण या प्रकाराला फायद्याचीच आहे, कारण गुन्हा स्पष्ट ठेवायचा आणि भूत अस्पष्ट ठेवायचं हा तोल छोट्या जागेत जास्त चांगला साधतो. ऑडिओवर गूढकथा ऐकणारे लोक आता खूप आहेत, रात्री गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकतात, म्हणजे भूक तर आहेच.

दिवाळी अंकांच्या कथा पावसाळ्यातच मागवल्या जातात. माझं संपादकांना मनापासून सांगणं आहे की या वर्षी ‘भयकथा विशेष’ आणि ‘रहस्यकथा विशेष’ असे दोन विभाग पाडू नका, आणि या कथा अंकाच्या शेवटी राशिभविष्याच्या अलीकडे ढकलू नका, पुढे लावा, जिथे तुम्ही तुमची गंभीर म्हणून मानलेली कथा लावता तिथे. मानधन तेवढंच द्या. आणि एखाद्या पोरीने कथा पाठवली, ज्यात विहिरीतली बाई बोलते आहे आणि त्याच वेळी तालुक्याच्या पोलीस स्टेशनात एक महिला हवालदार बारा वर्षांपूर्वीची अकस्मात मृत्यूची नोंद उघडून बसली आहे, तर तिला फोन करून हे विचारू नका की शेवटी ती बाई खरी होती की भास. हे विचारा की त्या नोंदीवर सही कोणाची होती.